मेंढरांच्या जागेवर गाडी

दादासो धनगराला मी माझे केस काळे होते तेव्हापासून ओळखतो, आणि त्या ओळखीतला निम्मा वेळ मी त्याच्यावर खेकसण्यात घालवला आहे. त्याचं त्याला काही वाईट वाटत नाही. मी सुरू झालो की तो डोक्यावरचा पटका सारखा करतो, खाली बसतो आणि मी दमेपर्यंत गवताची काडी चघळत राहतो. मग म्हणतो, "झालं का आण्णा? आता च्या सांगा."

माझं नाव सन्मती. पलूस तालुक्यात कृष्णेच्या काठाला आमचं रान आहे. ऊस, हळद आणि हौसेपोटी लावलेली थोडी द्राक्षं. दिवाळी सरली की पूर्वेच्या दुष्काळी भागातून मेंढरांचे कळप आमच्याकडे उतरतात. ऊस तुटून गेलेल्या रानात रात्रभर बसतात, लेंड्यांनी रान सुधारतं, आम्ही त्यांना जोंधळे घालतो. मेंढरं, घोडं, कुत्री, कोंबड्या, भांडीकुंडी आणि बायकापोरं अशा सगळ्या चालत्या बिऱ्हाडाला ते लोक वाडा म्हणतात. नाव वाडा, आणि भिंत एकही नाही. थोडे दिवस थांबून हे वाडे पुढं कराड, पाटणकडे सरकतात आणि पावसाच्या तोंडाला माघारी जातात.

दादासोची वाडी आटपाडीच्या पलीकडे, उघड्या माळावर. त्याला माझं रान कधीच पसंत नव्हतं. का, तर ते सपाट आहे. "आण्णा, तुमचं रान लय ग्वाड, पर चपटं." मेंढरं बसवायची तर जागा उताराची लागते, हे त्याच्या अंगात मुरलेलं. उतारावर मूत वाहून जातं, ओल धरत नाही, खूर कुजत नाहीत. बसतानाही मेंढरू चढाकडं तोंड करून बसतं म्हणे. माझ्या सपाट रानातसुद्धा तो बांधाकडेची, जरा तिरकी असलेली पट्टी शोधून काढायचा आणि तिथंच मेंढरं कोंडायची जाळी लावायचा. त्यावरून आमची दरवर्षी वादावादी, कारण मला लेंडीखत सगळ्या रानात हवं असायचं.

सकाळी मेंढरं सोडायच्या आधी तो जाळीच्या तोंडाशी उकिडवा बसायचा. एकेक मेंढरू बाहेर पडताना त्याच्या डाव्या कुशीवरून हात फिरवायचा. तिथं एक खळगी असते. आत गेलेली असली तर मेंढरू उपाशी, भरलेली असली तर ठीक. खळगी आत लागली की ते मेंढरू बाजूला काढायचं आणि काहीतरी पोटात घालायचं. पातळ काही पाजायचं असेल तर सुलाबाई, त्याची बायको, बांबूचं एक नळकांडं घेऊन यायची. मेंढराचा जबडा धरायचा, नळकांडं गालात सारायचं, आणि हळूहळू ओतायचं. दिवसाची सुरुवात ह्याशिवाय व्हायचीच नाही. इतर धनगर नुसत्या नजरेनं बघतात. दादासोचा नजरेवर विश्वास नाही, हातावर आहे.

एका वर्षी त्याची मेंढरं आमच्या गुरांसाठी केलेल्या लसूणघासात शिरली आणि पोटं फुगून आडवी झाली. त्यानं आणि सुलाबाईनं धावाधाव करून नळकांड्यानं गोडेतेल पाजलं, कुशी चोळल्या. बरीचशी वाचली, काही गेली. मी खेकसायच्या तयारीनं गेलो होतो, पण त्याच्याकडं बघून तसाच शेजारी टेकलो. तो मेलेल्या मेंढीजवळ बसून म्हणाला, "आण्णा, खायाला न मिळून मेलेलं मेंढरू म्या लय बगितलंय. त्ये सोसतं. पोटभर खाऊन मेलेलं न्हाई सोसत." दोन दिवस तो धड जेवला नाही.

कळप चालतो तेव्हा पुढं एक माणूस लागतं आणि मागं एक. पुढचा वाट काढतो. मागचं माणूस राहिलेलं गोळा करतं: लंगडं मेंढरू, नुकती व्यालेली मेंढी, दमून बसलेलं कोकरू. पुढं दादासो असायचा, मागं सुलाबाई. लग्न झाल्यापासून ती दोघं दिवसभर एकमेकांना दिसायची ती मधल्या मेंढरांच्या पाठींवरून. आमच्या गुणमालेला, म्हणजे माझ्या बायकोला, ह्याचं फार कौतुक. "तुम्ही आणि मी एका घरात राहून दिवसभर दिसत नाही एकमेकांना," असं ती मला ऐकवायची. मी रानात असतो आणि ती देवळात, ह्याला मी काय करणार?

मग रहिमतपूरच्या रस्त्यावर एक मोटारसायकल मागून कळपात घुसली. मागं सुलाबाई होती. खुब्याचं हाड मोडलं. साताऱ्यात ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण पाय आखूड पडला आणि खुबा वाकेनासा झाला. तिला काठी टेकत घरात फिरता येतं. वाड्याबरोबर चालणं संपलं. घोड्यावर बसवून बघितलं, तर तिला बसता येईना.

पुढच्या दिवाळीला दादासो एका गड्याला चाकरीला घेऊन आला. सुलाबाई वाडीवर एकटी. मुलगा धनाजी कोइमतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं वितळवायच्या दुकानात असतो. त्यानं आईला तिकडं नेलंही, पण ती महिनाभरात परतली. "तितं माणसं लय हायत आक्का, पर बोलायला कोन न्हाई," असं तिनं गुणमालेला फोनवर सांगितलं. त्या हंगामात दादासो माझ्या बांधावर बसून रोज फोन करायचा. जेवलीस का विचारायचा, ती हो म्हणायची, आणि फोन ठेवून तो मला म्हणायचा, "खोटं बोलती. चूल पेटवत न्हाई. पीठ कालवून पिती." हंगाम अर्धा टाकून तो माघारी गेला.

तिथंच त्यानं ठरवलं. दोनच वाटा होत्या. एक तर ती घरात आणि हा मेंढरामागं, नाहीतर दोघं मिळून दुसरं काहीतरी. धनाजीनं पिकअपचं डोक्यात घातलं. हल्ली वाड्यांनाही गाडी लागते. कोकरं, व्यालेल्या मेंढ्या आणि संसार गाडीत घालून पुढच्या मुक्कामी नेतात, कळप मागून चालत येतो. दादासोला सगळे वाडे माहीत, सगळ्या वाटा माहीत. ड्रायव्हिंग तो तरुणपणी एका मुकादमाकडं शिकला होता आणि लायसन त्यानं जपून ठेवलं होतं. काम मिळणार होतं. आणि गाडीला पुढं, ड्रायव्हरशेजारी, सीट असते. ही सगळी गाडी त्यानं खरं म्हणजे त्या एका सीटसाठी घेतली.

सगळी मेंढरं विकली. एक कोकरूसुद्धा ठेवलं नाही. गुणमालेनं हे ऐकल्यावर पहिला प्रश्न केला, "कुणाला विकली?" आमच्या घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही, आणि मेंढरं कसायाकडं गेली असती तर तिनं दिवसाही जेवण सोडलं असतं. पण ती घेतली होती सुलाबाईच्या भावानं, तानाजीनं. घरातली घरात राहिली, म्हणून तिनं हुश्श केलं. मी मात्र फोनवर दादासोवर खेकसलो. "दोन-चार तरी ठेवायची की रे." तो म्हणाला, "दोन ठेवली की त्येंच्यामागं जावं लागतं आण्णा. आन् मंग तिला ठेवावं लागतं."

दसऱ्याला गाडी आली. पांढरी, कोरी. हार घातला, भंडारा उधळला, लिंबू चाकाखाली ठेवलं. आता ती उभी कुठं करायची? घरासमोर दादासोचा मेंढरं बसवायचा तळ होता, पिढ्यानपिढ्यांचा, लेंड्यांनी काळा पडलेला, चांगल्या उताराचा. मेंढरं गेल्यापासून तो रिकामाच होता. सुलाबाई म्हणाली, "तितंच लावा. मोकळी जागा बगवत न्हाई." त्यानं गाडी तिथं लावली, मेंढरांसारखीच, चढाकडं तोंड करून. दुसरी कुठली जागा त्याच्या मनात आलीच नाही. मुक्या जिवाची रात्री बसायची जागा ती, आणि ह्या गाडीवर आता सगळ्यांचं पोट.

शोरूममधल्या माणसानं त्याला सगळं समजावून सांगितलं होतं, आणि दादासोनं ते मला इतक्यांदा ऐकवलं की माझं पाठ झालं. रोज सकाळी, इंजिन गार असताना, बॉनेट उचलायचं. ऑइलची काडी ओढायची, फडक्यानं पुसायची, परत आत सारायची, परत ओढून बघायची. काडीला दोन खुणा असतात. ऑइल त्या दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. खालच्या खुणेखाली गेलं की थोडं घालायचं. बास. सांगणारा शोरूमच्या फरशीवर उभा होता. तिथं पाणी सांडलं तरी जागचं हलत नाही. गाडी सपाटीवर असताना बघायचं, हे सांगायचं त्या बिचाऱ्याच्या ध्यानात आलं नसेल. त्याच्या जगात सगळं सपाटच होतं.

दादासोला ही गोष्ट इतकी पटली की त्याचा चेहरा उजळला असणार. सकाळी उठून हात लावून बघायचं, खळगी आत गेली असली तर पोटात घालायचं. आयुष्यभर त्यानं दुसरं केलं काय होतं? पहिल्याच सकाळी त्यानं काडी ओढली, तर ऑइल खालच्या खुणेखाली. दुसऱ्या दिवशी तेच. गाडी चढाला तोंड करून उभी असली की आतलं ऑइल मागं सरकतं आणि पुढच्या काडीला कमी लागतं. हे मला नंतर कळलं. त्याला वाटलं, गाडी नवी आहे, अंगात भरायचीय, पीत असेल. ऑइलचा डबा त्यानं शोरूममधून आणलाच होता. ओतायला सुलाबाईनं तेच बांबूचं नळकांडं काढलं, राखेनं घासलं, उन्हात वाळवलं. तो बॉनेट धरून उभा राहायचा आणि ती काठी बाजूला ठेवून, गाडीला रेलून, नळकांड्यानं हळूहळू ऑइल पाजायची. एकदम घालायचं नाही, थोडं थोडं घालायचं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. दोन-चार दिवस गेले की परत खळगी आत, परत नळकांडं. दोघांना मिळून करायचं काहीतरी परत मिळालं होतं.

दिवाळीनंतर तानाजीचा वाडा आमच्या रानात आला आणि मागोमाग दादासोची गाडी. पुढच्या सीटवर सुलाबाई. पाय लांब करून त्याच्याखाली घोंगड्याची घडी, मांडीवर एक अशक्त कोकरू. काच खाली करून तिनं गुणमालेला हाक मारली, "आक्का, आले बगा." मी तिला इतकं हसताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. गुणमालेनं पदरानं डोळे पुसले आणि मी उगाच टायर बघत राहिलो. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. ह्या माणसाचं काहीतरी जमलं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रानात गेलो तर दादासो बॉनेट उचलून उभा. तानाजीनं जाळी लावली होती बांधाकडच्या तिरक्या पट्टीत, आणि गाडीला जागा उरली होती ती खाली, सपाट रानात. त्यानं काडी ओढली, पुसली, घातली, परत ओढली आणि माझ्या नाकासमोर धरली. वरच्या खुणेच्याही वर चांगली बोटभर काळी ओल होती.

"बगा आण्णा," तो म्हणाला. "हितलं पाणी मानवलं."

मेंढरांचं दरवर्षी तसंच व्हायचं. माळावर खंगलेली मेंढरं नदीकाठाला आली की आठवड्यात अंगानं भरायची, कुशी तटतटायच्या. गाडीही भरली, ह्याचं त्याला कौतुक वाटलं. मला गाड्यांतलं काही कळत नाही. ट्रॅक्टरच्या पोटात काय चालतं ते बघायला माझा फिटर येतो, आणि तो काय बघतो हे मी कधी विचारलेलं नाही. मी म्हटलं, "आमच्या पाण्याचं भाडं दे मग." तो हसला. सुलाबाई सीटवरून म्हणाली, "मंग आता चार दिस नगं घालायला." "नगं," तो म्हणाला, आणि फडक्यानं काडी पुसून जागी ठेवली.

वाडा पुढं कराडकडे गेला. गाडी जायची, मुक्कामाची जागा धरायची, सुलाबाई तीन दगड मांडून चूल पेटवायची, आणि मागून चालत येणाऱ्यांना आल्या आल्या भाकरी मिळायची. तानाजीच्या बायकोनं, बनाबाईनं, फोनवर गुणमालेला सांगितलं की वन्संच्या हाताला परत चव आलीय. चालू करताना गाडी जरा निळा धूर सोडायची. थंडीचे दिवस, म्हणून कुणाला त्यात काही वाटलं नाही.

दत्तजयंतीच्या सुमाराला, पाटणच्या पुढं एका चढाला, ते झालं. मागं कोकरं आणि दोन ओल्या बाळंतिणी मेंढ्या, पुढं ही दोघं. गाडी चढ चढत असताना इंजिन आपोआप जोरात पळायला लागलं. दादासोनं पाय काढला, तरी आवाज वाढतच गेला. त्यानं गिअर काढून ब्रेक दाबला. गाडी थांबली, इंजिन थांबेना. धूर इतका निघाला की मागचा रस्ता दिसेना. त्यानं चावी फिरवली आणि उपसून हातात घेतली. चावी हातात आणि इंजिन ओरडतंय. "आण्णा, म्या चावी तिला दाखवली," तो मला नंतर म्हणाला. "ही बग चावी, म्हनलं. मंग कोन चालवतंय?"

चाकाखाली दगड घालून त्यानं सुलाबाईला उचलून खाली काढलं, रस्त्याच्या कडेला लांब नेऊन बसवलं. मग कोकरं उतरवली, मग मेंढ्या. सगळी जित्राबं बाहेर निघाली. तेवढ्यात आतून काहीतरी तुटल्यासारखा आवाज आला आणि गाडी गप झाली. सुलाबाई म्हणते, त्या शांततेत कोकरं ओरडत होती आणि ह्यांना ऐकूच येत नव्हतं.

त्यानं मला फोन केला तेव्हा एवढंच म्हणाला, "आण्णा, या." एवढ्या वर्षांत त्यानं मला कधी बोलावलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. गाडी ओढून पाटणला हंबीरराव नावाच्या मिस्त्रीच्या गॅरेजपुढं आणून लावली होती. पुढं सिमेंटचा कोबा, अगदी सपाट. सुलाबाई अजून पुढच्या सीटवरच बसली होती, तिला उतरायचं नव्हतं. हंबीररावानं सगळ्यात आधी काडी ओढली. पुसली, घातली, परत ओढली. इतकं जळून, उडून, गळूनही ऑइल वरच्या खुणेच्या वर होतं.

"किती घातलंय ह्यात?" त्यानं विचारलं.

"लागंल तसं घालत हुतो," दादासो म्हणाला. "रोज बगत हुतो की."

"बघत होता कुठं? गाडी लावता कुठं?"

दादासोनं सांगितलं. तळ, उतार, चढाला तोंड. हंबीररावानं हातातली काडी खाली केली. माणूस चांगला होता, त्याचा आवाज उतरला. तो म्हणाला, "दादा, उतारावर काडी खोटं सांगती. ऑइल पहिल्यापासून पुरतं होतं. तुम्ही वर घालत गेला. ते मावंना, म्हणून हवेच्या वाटेनं इंजिनात शिरलं. मग इंजिन डिझेल सोडून ऑइलवरच पळायला लागलं. त्याला चावीचं काय?"

"आता?" मी विचारलं.

"इंजिन गेलं. आतलं सगळं जाम होऊन धरलं."

मी खेकसायला तोंड उघडलं. शोरूमवाल्यावर, हंबीररावावर, धनाजीवर, कुणावर तरी. पण कुणाचंच नाव पुढं येईना. दादासो इंजिनाकडं बघत उभा होता. त्यानं हात पुढं केला आणि थंड पडलेल्या लोखंडावरून फिरवला.

"मंजी फुगून मेली," तो म्हणाला.

सीटवरून सुलाबाई म्हणाली, "नळकांडं माज्या हातात हुतं." त्यावर तो काहीच बोलला नाही. निदान ‘तसं नाही’ एवढं तरी म्हणायला हवं होतं. त्यालाही ते कळत होतं, पण त्याच्या तोंडातून शब्द निघाला नाही, आणि मी मधे पडलो नाही.

कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. ऑइल जास्त घालणं ही मालकाची चूक, गॅरंटीत बसत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं, आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. नवं इंजिन म्हणजे जवळपास नवी गाडी. धनाजी म्हणाला, बघतो. तो अजून बघतोच आहे. मीही पैसे पुढं केले, ते दादासोनं घेतले नाहीत. गाडी ओढत वाडीवर नेली.

तिथं पोचल्यावर त्यानं जे केलं ते मला तानाजीनं सांगितलं. त्यानं कुदळ घेतली आणि तळ खणायला लागला. वरची माती काढून खाली टाकायची, दगड रचायचे, पाणी मारायचं, धुमसानं चोपायचं. एकटाच. दिवसामागून दिवस. बापआज्याच्या मेंढरांचा तो उतार त्यानं सपाट केला. पाण्यानं भरलेलं ताट ठेवून सगळीकडून तपासला. मग चार माणसं बोलावून गाडी ढकलली आणि बरोबर मधोमध उभी केली. तानाजीनं विचारलं, "दाजी, आता कशाला?" तर म्हणाला, "आदी करायला पायजे हुतं." मला त्याची दया येत नाही. मला राग येतो, आणि तो कशावर काढायचा हे आजतागायत कळलेलं नाही.

ह्या दिवाळीनंतर तानाजीचा वाडा आमच्या रानात आला. मी बांधावर उभा राहून बघत होतो. पुढं तानाजी, मधे मेंढरं, आणि मागं, एक लंगडं कोकरू काखेत घेऊन, दादासो. तो आता मेव्हण्याकडं चाकरीला आहे. मेंढरं बरीचशी पूर्वीची त्याचीच. त्याच्या हाळीला माना वळवतात, आणि तानाजी भला माणूस म्हणून काही मनाला लावून घेत नाही. मी दादासोवर खेकसलो नाही. त्यानं वाट बघितली बहुतेक. मग स्वतःच म्हणाला, "च्या सांगा आण्णा."

सुलाबाई वाडीवर आहे. एकटी. ह्यातून पुढं काही निघेल असं मला वाटत नाही, आणि त्यालाही वाटत नाही. गुणमाला म्हणाली, "तिला इथं आणून ठेव, आपल्याकडं राहील." दादासो म्हणाला, "हितं आमी चारच दिस वैनी. मंग म्होरं. तुमच्यात ऱ्हायली काय आन् वाडीवर ऱ्हायली काय, म्या न्हाईच की." हे तो तक्रार म्हणून बोलला नाही. रस्ता कुठून कुठं जातो हे सांगावं तसं त्यानं सांगितलं.

वाडा निघायच्या दिवशी सकाळी मी रानात गेलो. दादासो जाळीच्या तोंडाशी उकिडवा बसून प्रत्येक मेंढराच्या कुशीवरून हात फिरवत होता. काही मेंढरांच्या खळग्या आत गेल्या होत्या. पूर्वी तो त्यांना बाजूला काढायचा. आता त्यानं तानाजीला नुसतं बोटानं दाखवलं. पाजायचं काम बनाबाई करते. दादासो आता कशाच्याच तोंडात काही घालत नाही.

मेंढरं बाहेर पडल्यावर त्यानं फोन लावला. कानाला कमी ऐकू येतं, म्हणून तो फोनचा आवाज मोठा करून बोलतो. मला सगळं ऐकू येत होतं.

"कुटं हायस?" त्यानं विचारलं. रोज तो पहिल्यांदा हेच विचारतो, असं बनाबाई म्हणाली.

"गाडीत," सुलाबाईचा आवाज आला. "म्होरं बसलीया."

"पाय?"

"लांब केलाय. खाली घोंगडं हाय."

"काच लाव. गार वारं हाय."

"लावलीया. तुमी कुटवर आलाय?"

"पलूसलाच हाय. आता निगतोय."

"बरं. बगून जावा."

त्यानं फोन खिशात ठेवला. तानाजीनं पुढून हाळी दिली आणि कळप हलला. सगळी मेंढरं पुढं जाईपर्यंत दादासो थांबला, आणि मागून चालायला लागला.